कापड क्रमांक ४१७-क याच्या श्वासाची दुरुस्ती

प्रति,
मा. मुख्य भांडार अधिकारी (कापड व जडवस्तू),
मोठे रुग्णालय,
तळमजला, जिन्यामागची खोली.
(दार बंद असल्यास अर्ज फटीतून आत सरकवावा.)

अर्जदार: शिवणबाई, धुलाईघर, कंत्राटी, मशीन क्र. २.

विषय: कापड क्रमांक ४१७-क (पुरुष, वय ४४) यास निर्लेखनाच्या यादीतून वगळून, श्वासाच्या दुरुस्तीसाठी छाती विभागात पाठवण्याची अंतर्गत चिठ्ठी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) विमा कार्यालय, खिडकी क्र. ३ यांचा तोंडी नकार, एकूण अकरा वेळा.
२) चौथ्या मजल्याची कापड पोचयादी, सही व शिक्क्यासह.
३) कापड विम्याच्या पाहणी अधिकाऱ्यांचा शेरा: "आतून आवाज."

महोदय,

अर्जदार पुढील हकिकत आपल्या सेवेशी सादर करते. आपण कामात असता याची तिला जाणीव आहे. घाई असल्यास परिच्छेद ११ पासून वाचले तरी विनंती कळेल. पण मग आपल्याला हसू येईल, आणि अर्जदाराला ते नको आहे. म्हणून पहिल्यापासून वाचावे.

१. अर्जदार आणि तिचे पती अकरा वर्षांपूर्वी कामासाठी या शहरात आले. दोघेही रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात कंत्राटदारामार्फत काम करतात. पती सुकवणीच्या यंत्रावर आहेत. ओल्या चादरी आत घालायच्या, गरम चादरी बाहेर काढायच्या, जाळीवर साठलेली तुसं दर तासाला हाताने खरवडायची. सगळे त्यांना भट्टीवाले म्हणतात. अर्जदार शिवणयंत्रावर आहे. फाटलेले जोडणे आणि प्रत्येक नगाला क्रमांकाची कापडी पट्टी लावणे हे तिचे काम. धुलाईघरात कायदा एकच, आणि तो ती पहिल्याच दिवशी शिकली: ज्याला पट्टी नाही ते आपले नाही. पट्टी नसलेला कोरा टॉवेल वरचे वॉर्ड परत पाठवतात. पट्टी असलेल्या चिंधीला मात्र कुणी नाही म्हणत नाही. पुढे जे घडले ते या कायद्यापायी घडले, कुणाला फसवायचे म्हणून नव्हे.

२. दोन वर्षांपासून पतींना धाप लागते. सकाळी कमी, दुपारी जास्त, जंतुनाशकाचे पिंप उघडले की फार. छातीतून शिट्टी वाजते. सुरुवातीला त्यावरून थट्टा व्हायची. ढकलगाडीवाले मामा, जे स्वच्छ कापडाची गाडी वॉर्डावॉर्डांत नेतात आणि वयाने आम्हां सर्वांचे मामा आहेत, ते शिट्टी ऐकली की मुद्दाम शेगडीकडे बघून चहा उकळला का विचारायचे. गेल्या हिवाळ्यापासून मामा विचारत नाहीत. पती दोन पायऱ्या चढले की भिंतीला हात लावतात. आडवे झोपता येत नाही. भिंतीला टेकून बसतात आणि अर्जदार पाठीशी उशी देते. ती उशी घरची आहे, रुग्णालयाची नाही, हे येथेच स्पष्ट करते.

३. छाती विभाग चौथ्या मजल्यावर आहे. पतींच्या यंत्राच्या बरोबर डोक्यावर, मधे पाच छते. लिफ्टपाशी रखवालदार कार्ड बघतात. पतींकडे विम्याचे कार्ड आहे, पण ते मूळ गावच्या नोंदणीचे, आणि ते तिथल्याच दवाखान्यात चालते. इथले कार्ड हवे तर वर्षभर एका पत्त्यावर राहिल्याचा दाखला लागतो. अर्जदार व पती बॉयलरमागच्या खोलीत राहतात. ती खोली रुग्णालयाच्या दप्तरी 'मोडक्या खाटांची खोली' अशी आहे. दाखला मागितला तेव्हा कार्यालयाने लेखी कळवले की सदर खोलीत खाटा राहतात, माणसे राहत नाहीत. कंत्राटदाराने कानांवर हात ठेवले. अपघात विभागाने दोनदा वाफ देऊन मोकळे केले आणि कागदावर लिहून दिले: "छाती विभागात दाखवावे. कार्ड सोबत आणावे."

खिडकी क्रमांक तीनच्या बाईंना दोष देता येणार नाही. त्या सभ्य आहेत आणि अकराही वेळा त्यांनी तेच शांतपणे सांगितले. त्यांचे शब्द असे: "कार्ड खरं आहे, आजारही खरा आहे. फक्त दोघं दोन वेगळ्या गावी आहेत. एकाला दुसऱ्याकडे न्या, मी लगेच शिक्का मारते."

४. कार्ड इकडे चालत नाही, म्हणून आजाराला तिकडे न्यायचे ठरले. दोन दिवसांचा प्रवास. पहिल्या दिवशी संध्याकाळी शिट्टी बारीक झाली. दुसऱ्या दिवशी पती बसच्या बाकावर आडवे होऊन घोरले. दोन वर्षांनी ऐकलेले ते घोरणे अर्जदाराने मोडले नाही. घरी पोचेपर्यंत छाती रिकाम्या माठासारखी स्वच्छ. पतींनी वडिलांची महिनाभराची लाकडे फोडून दिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नंबर लागला, तेव्हा अर्जदाराच्या सासूबाई दारातच लेकाच्या कानात म्हणाल्या, "अरे, एवढ्या लांबून आलास. आजारी माणसासारखा जरा खोक तरी."

पतींनी आईचे ऐकले. ते आयुष्यात कधी नाटकात उभे राहिलेले नाहीत, आणि ते दिसले. डॉक्टरांनी लिहिले: "फुप्फुसे उत्तम. रुग्ण खोटे खोकतो." खाली सही, शिक्का, तारीख.

इकडे परत आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी, चादरींच्या दुसऱ्या खेपेला, शिट्टी पुन्हा सुरू झाली. खिडकीवाल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि खरोखर हळहळल्या. त्या म्हणाल्या की आता कार्डाच्या गावी पती निरोगी आहेत आणि या गावी ते नाहीतच. म्हणजे आता आजारी कोण, हाच प्रश्न आहे.

५. यावर मामांनी उपाय सुचवला. धुलाईघराची एक रीत आहे. चादर खराब झाल्याचे नुसते सांगून भागत नाही, डाग समोर ठेवावा लागतो. म्हणून जाळीवरच्या तुसांचे एक पोते आणि जंतुनाशकाची एक बाटली सोबत नेऊन, गावच्या दवाखान्याच्या पायरीवर पतींनी ती हुंगावी आणि मग आत जावे, म्हणजे आजार ताजा असताना दाखवता येईल. पोते घेऊन निघाले तेव्हा फाटकावर अडवले. तुसं ही रुग्णालयाची मालमत्ता असून तिची विल्हेवाट ठरलेल्या ठेकेदारामार्फतच होते, असे समजले. पोते जमा झाले. त्याची पोचपावती मिळाली. पतींना दोन वर्षांत मिळालेली ती पहिली पावती.

६. येथे अर्जदार आपली चूक कबूल करते.

चौथ्या मजल्यावर छाती विभागाच्या भिंतीला पाटी आहे: "वॉर्डात असलेल्या कोणासही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर पाठवू नये." अर्जदाराला दर बुधवारी फाटके कापड गोळा करण्यापुरता वर जाण्याचा पास आहे, तेव्हा तिने ती वाचली. मामांचे म्हणणे पडले की एकदा आत गेले की झाले. प्रश्न फक्त लिफ्टचा. रखवालदार माणसाचे कार्ड बघतात, गाडीचे बघत नाहीत. हे सर्व मामा बोलले, पती हसले आणि हसण्याने धाप लागून खाली बसले. त्यांचे ओठ शाईसारखे निळे झाले. तेव्हा अर्जदाराने विचार थांबवला आणि मशीन सुरू केली.

६-अ. गाडीसोबत यादी जाते. यादीत नसलेला नग त्याच गाडीने खाली येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून यादीत नाव हवे, आणि नावाला पट्टी हवी. अर्जदाराने पतींच्या शर्टाच्या कॉलरमागे पट्टी शिवली: ४१७-क. क म्हणजे किरकोळ. उलटसुलट दुहेरी टीप घातली, जी नव्वद धुण्यांत सुटत नाही. वर रुग्णालयाचा शिक्का मारला. मामांनी यादीत चादरी चाळीस, अभ्रे अडतीस, गाऊन बारा यांच्याखाली लिहिले: किरकोळ, एक नग. पती गाडीत गाऊनखाली बसले. लिफ्टमध्ये शिट्टी वाजली तेव्हा मामांनी स्वतः शीळ घालायला सुरुवात केली. रखवालदार म्हणाले, आज मामा खुशीत.

७. चौथ्या मजल्याच्या मुख्य सिस्टर मोजणीला कडक आहेत. मागे दोन अभ्रे कमी भरले तेव्हा त्यांना तीन महिने खुलासे द्यावे लागले होते. त्यांनी चादरी मोजल्या, अभ्रे मोजले, गाऊन उचलले. खाली पती होते.  सिस्टरांनी पतींची नाडी धरली, भिंतीवरची प्राणवायूची नळी ओढून तोंडाला लावली आणि दहा मिनिटे घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मग कॉलर उलटी करून पट्टी वाचली, यादी वाचली, आणि सही केली.

मामांनी विचारले, आता यांना खाट देणार ना. सिस्टर म्हणाल्या, "केसपेपर नाही, खाट कशी देऊ? पण यादी जुळली आहे, परत कसं पाठवू?"

तेव्हापासून, म्हणजे तेवीस दिवस, अर्जदाराचे पती चौथ्या मजल्यावरच्या कापडाच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, कांबळ्यांशेजारी आहेत.

८. या काळात सिस्टरांनी माणुसकी सोडलेली नाही, हे नमूद करणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. रोज सकाळी त्या प्राणवायूची जादा नळी चालते की नाही हे तपासतात. तपासायला कुणाच्या तरी तोंडाला लावावी लागते. नोंदवहीत "नळी तपासली, चालते" अशी तेवीस वेळा नोंद आहे. जेवणाचे ताट "उंदीर कापडाकडे जाऊ नयेत म्हणून" या कारणाने खोलीत ठेवले जाते.

परंतु डॉक्टर केसपेपरवरच्या माणसालाच तपासू शकतात. एके सकाळी फेरीच्या वेळी त्यांनी शिट्टी ऐकली आणि कोणता रुग्ण, असे विचारले. सिस्टरांनी खरे सांगितले, की आवाज कापडाच्या खोलीतून येतो. डॉक्टर म्हणाले, "मग दार लावून घ्या."

कापडाच्या खोलीचे दार आणि छाती विभागाची पहिली खाट यांतले अंतर अर्जदाराने बुधवारी शिवणाच्या टेपने मोजले. सहा मीटर चाळीस.

सहाव्या दिवशी पती उठून खाली यायला निघाले. लिफ्टपाशी रखवालदाराने कॉलरवरचा शिक्का पाहिला आणि रुग्णालयाची मालमत्ता बाहेर जात असल्याबद्दल त्यांना धरून परत फळीवर नेऊन ठेवले. अकरा वर्षे पतींना वर जाऊ न देणारे आणि आता खाली येऊ न देणारे रखवालदार एकच. अर्जदाराने त्यांना विचारले की शर्ट काढून ठेवला तर. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितले की मग वॉर्डात एक नग कमी पडेल आणि एक माणूस जास्त होईल. नगाबद्दल सिस्टरांना धरतील आणि माणसाबद्दल पतींना. सिस्टरांना धरलेले पतींना चालणार नाही. ते तसे गृहस्थ आहेत. म्हणून शर्ट अंगातच आहे. तो तेवीस दिवस धुतलेला नाही आणि धुलाईघरात काम करणाऱ्या बाईला हे लिहिताना लाज वाटते.

बदली नग देऊन मूळ नग सोडवण्याची तरतूद आहे, म्हणून मामा स्वतः फळीवर बसायला तयार झाले. आपल्या कार्यालयातील भांडार कारकुनांनी ते अमान्य केले. कारण: मापात फरक.

९. हा परिच्छेद पतींच्या स्वतःच्या शब्दांत आहे. मळक्या कापडाच्या गठ्ठ्यात, अभ्र्याच्या आत घडी करून, त्यांच्या चिठ्ठ्या खाली येतात. त्यातली परवाची जशीच्या तशी:

"अगं ऐक, साहेबांना लिहिताना फार रडगाणं लावू नकोस. इथे मला दर शनिवारी मोजतात. अकरा वर्षांत खाली कुणी मोजलं नव्हतं. तुसं नाहीत, पिंप नाही, त्यामुळे जरा बरं होतं. पण परवा कुणीतरी कापडाला कसर लागू नये म्हणून फळ्यांवर डांबराच्या गोळ्या टाकून गेलं. कसर मला लागणार नाही आता, पण श्वासही पुरेनासा झालाय. गोळ्यांचं काही करता आलं तर बघ. उशी पाठवू नकोस, ती मोजणीत जास्त भरेल. तू नीट झोपतेस का?"

१०. आता मुख्य गोष्ट. रुग्णालयातल्या सर्व कापडाचा विमा आहे, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. आग, पाणी, चोरी, कसर, आणि रसायनामुळे झालेले नुकसान, सर्व त्यात येते. सिस्टरांवर नियमाने बंधन आहे की खराब झालेल्या नगाची माहिती महिन्याच्या आत कळवावी. त्यांनी कळवली: "४१७-क. नग आवाज करतो."

फॉर्म खिडकी क्रमांक तीनवरच गेला. खिडकीवाल्या बाईंनी क्रमांक पाहिला, नोंद पाहिली आणि पहिल्याच खेपेला शिक्का मारला. अर्जदार समोर उभी होती. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बघा, मी म्हणत होते ना, कागद बरोबर असला की काही अडत नाही."

मंगळवारी कापड विम्याचे पाहणी अधिकारी आले. त्यांना नुकसान आतले की बाहेरचे ते लिहायचे होते. म्हणून त्यांनी चष्मा काढला, गुडघे टेकले आणि पतींच्या छातीला कान लावला. दोन वर्षांत, अपघात विभाग धरून, ज्यांनी पतींची छाती शेवटपर्यंत ऐकली असे हे पहिले गृहस्थ. त्यांचा शेरा असा: "आतून आवाज. नुकसान रसायनामुळे व तुसांमुळे, कामाच्या जागी झालेले. नग दुरुस्तीयोग्य. खर्च मंजूर. भांडार अधिकाऱ्यांनी नग संबंधित दुरुस्ती विभागाकडे पाठवावा."

महोदय, कुणी तरी एकदा लिहिले, की हे कामाच्या जागी झाले. ते कापडाबद्दल लिहिले, तरी चालेल.

११. घोडे पेंड खाते ते इथे.

त्याच आठवड्यात वार्षिक मोजणी झाली. भांडार कारकुनांनी प्रत्येक नगाचे वय लिहून घेतले. रुग्णालयात कापडाची वयोमर्यादा तीन वर्षे आहे. पतींनी खरे वय सांगितले. त्यामुळे येत्या सोमवारच्या निर्लेखन समितीसमोर, म्हणजे निकामी कापड वापरातून काढणाऱ्या समितीसमोर, जी यादी जाते आहे तिच्यात ४१७-क पहिल्या क्रमांकावर आहे. सर्वांत जुना नग म्हणून. सोबत समितीचा तपशील-तक्ता असतो. तो भरण्याचे काम नियमाप्रमाणे शिवणखात्याचे, म्हणजे अर्जदाराचे आहे. तिने तो खोटे न लिहिता भरला आहे:

मूळ रंग: सावळा. आता: मातकट, ओठांपाशी निळसर.
माप: पाच फूट सहा इंच. धुतल्याने आटले का: नाही. कामाने: होय, रुंदीत.
डाग: डाव्या हातावर वाफेने भाजल्याचा एक. जात नाही.
शिवण कुठे सुटली आहे: कुठेही नाही. लग्नाला एकवीस वर्षे झाली.
आणखी किती दिवस वापरता येईल: अर्जदाराची इच्छा विचारली असल्यास, तिच्यानंतरपर्यंत.
शिफारस: दुरुस्ती.

आपल्या कारकुनांनी तक्ता पाहिला आणि सांगितले की शिफारस समिती करते, शिवणबाई करत नाही. अर्जदाराला ते मान्य आहे. परंतु निर्लेखित कापडाचे पुढे काय होते हे समितीला कदाचित ठाऊक नसेल. ते धुलाईघरात येते, मशीन क्रमांक दोनवर. त्याची पट्टी उसवतात आणि फाडून फरशी पुसायचे एक-एक फुटाचे तुकडे करतात. ते फाडण्याचे काम अर्जदाराकडेच आहे. अकरा वर्षांत तिने कुठलेही काम नाकारलेले नाही.

कारकून म्हणाले, बाई, खरोखर थोडेच फाडायचे आहे, नुसती पट्टी उसवली की झाले. हेच तर भय आहे, महोदय. पट्टी उसवली की ते पुन्हा पट्टी नसलेले. विमा जाईल, मंजूर दुरुस्ती जाईल, नळी तपासणे बंद होईल, आणि सोमवारी दुपारी ते पुन्हा भट्टीवर असतील. त्या भट्टीवर ते यंदाचा हिवाळा काढणार नाहीत. हे अर्जदार डॉक्टर नसताना लिहिते, कारण पाठीशी उशी ती देते आणि किती उशा लागतात हे तिला ठाऊक आहे. पूर्वी एक लागायची. वर जाण्याआधी तीन लागत.

१२. सबब विनंती अशी:

नियम चोवीस सांगतो की रुग्णालयाची कोणतीही वस्तू बिघडली तर ती दुरुस्त करू शकणाऱ्या विभागाकडे अंतर्गत चिठ्ठीने पाठवावी. फाटलेली चादर शिवणखात्याकडे येते. पंप बिघडला तर तो कारखान्यात जातो. श्वास दुरुस्त करणारा विभाग रुग्णालयात एकच आहे आणि तो त्या खोलीच्या दारापासून सहा मीटर चाळीसवर आहे. अंतर्गत दुरुस्तीला कार्ड लागत नाही, पत्ता लागत नाही, मूळ गाव लागत नाही. फक्त आपली सही लागते. छाती विभागाच्या डॉक्टरांना अर्जदाराने बुधवारी विचारले. त्यांनी डोके खाजवले आणि म्हणाले, "केसपेपर नसला तरी भांडाराची चिठ्ठी आली तर मला तपासावंच लागेल. मागे एक वजनकाटा तपासला होता."

ही चिठ्ठी सोमवारच्या आधी द्यावी, आणि तोवर डांबराच्या गोळ्या फळीवरून उचलण्याचा तोंडी हुकूम तरी करावा. दुरुस्तीनंतर पतींना भट्टीऐवजी घडीच्या टेबलावर काम मिळावे, अशीही इच्छा आहे. पण ती या अर्जाचा भाग नाही. एका अर्जात दोन विषय घेत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.

पुढे-मागे आपल्याला वाटेल की माणसाला वस्तू म्हणून नोंदवणे बरे नव्हे. अर्जदारालाही तसेच वाटते. माणूस म्हणून नोंदवण्याची सोय झाली, तर ती स्वतः येऊन पट्टी उसवील, दोरा न तोडता, आणि पट्टी भांडारात जमा करील. परंतु क्रम उलटा होऊ नये. आधी नोंद, मग उसवणे.

एक खुलासा. पट्टी, शिक्का आणि दुहेरी टीप ही सर्व अर्जदाराची करणी आहे. मामांनी केवळ गाडी ढकलली, सिस्टरांनी केवळ यादी जुळवली, पती केवळ बसले. शिक्षा द्यायची झाल्यास अर्जदारास द्यावी, मात्र बुधवार सोडून.

चौथ्या मजल्याकडे कान लावून बसलेली,
आपली नम्र,

शिवणबाई, मशीन क्र. २
(सही लाल दोऱ्याने घातली आहे. शाई धुण्यात उडते.)

दिनांक: शुक्रवार, निर्लेखन समितीच्या बैठकीआधी तीन दिवस.

सोबत:
१. अपघात विभागाचा कागद, दोन प्रती.
२. गावच्या डॉक्टरांचा दाखला ("खोटे खोकतो"). लपवून ठेवला असे होऊ नये म्हणून.
३. तुसांच्या पोत्याची पोचपावती.
४. पाहणी अधिकाऱ्यांचा शेरा, मूळ प्रत. कृपया परत करावी.
५. निर्लेखनाचा तपशील-तक्ता, भरलेला.
६. अंतर्गत दुरुस्तीची चिठ्ठी, नमुना चोवीस, तीन प्रतींत. वस्तूचे नाव, क्रमांक, बिघाड, पाठवण्याचे ठिकाण, सर्व भरले आहे. पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची जागा कोरी आहे. खालच्या बाजूला 'दुरुस्तीनंतर नग परत ताब्यात घेणाऱ्याची सही' अशी ओळ आहे. ती सही अर्जदाराने आजच करून ठेवली आहे.